युद्धानंतरचे कॉलेज आणि आमची कादंबरी

दिवाळीच्या आधी माळा झाडण्याचे काम आमच्या घरी परंपरेने माझ्याकडे आहे. सत्तरी ओलांडल्यावर तरी त्यातून सुटका होईल अशी माझी समजूत होती; पण यंदाही सौभाग्यवतींनी निकाल दिला, "शिडी नातू धरेल, चढायचं तुम्हीच. वरचा सगळा कचरा तुमचाच आहे!" ज्याला त्या कचरा म्हणतात ती माझी पुस्तके, आणि पुस्तकांच्या मागे, भिंतीला टेकून, माझ्या वडिलांची लोखंडी ट्रंक.

जठारपेठेतल्या ह्या घरात आम्ही राहावयास आलो, त्याच्या पुष्कळ आधीची ही ट्रंक आहे. दुसरे महायुद्ध संपल्यावर लष्कराचा उरलासुरला माल लिलावात निघाला, त्यातली. १९४६ साली बाबा अकोट तालुक्यातल्या आपल्या खेड्यातून अमरावतीला कॉलेजात शिकावयास निघाले, तेव्हा आजोबांनी ती त्यांना घेऊन दिली. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला हा पहिला माणूस.

ट्रंक उघडली. आत दोन वस्तू होत्या. एक हिशेबाची वही. तीत दर महिन्याची पहिली ओळ 'घरून आले' अशी, आणि तिच्यापुढे आकडा. काही महिन्यांत आकड्याऐवजी नुसती आडवी रेघ. खाली खाणावळ, रॉकेल, टपाल, जुनी पुस्तके, हजामत, आणि एके ठिकाणी 'खाकी पाटलोण, लिलावातली'. दुसरी वस्तू म्हणजे ना. सी. फडके ह्यांची एक कादंबरी, पुठ्ठा निखळलेली. ती कोणत्या तरी वाचनालयाला परत करावयाची राहून गेली असावी. ते पाप आता कोणाच्या पदरात घालावे!

वही आणि कादंबरी दोन्ही मांडीवर घेऊन मी बराच वेळ शिडीखाली बसलो होतो. दोन्हींत कॉलेज होते. पण ते एकच कॉलेज आहे असे कोणाला सांगून पटले नसते. मी आयुष्यभर मराठीचा मास्तर. त्यामुळे मनात प्रश्न आला तो मास्तरकीचाच. युद्धानंतर आमच्याकडचे कॉलेज बदलले हे तर खरे. मग ते बदललेले कॉलेज आमच्या वाङ्मयाला केव्हा दिसले, आणि कोणाला दिसले? फराळाच्या ताटाबरोबर हा प्रश्न वाचकांपुढे ठेवतो. थोडा जड वाटल्यास चकलीबरोबर घ्यावा.

आधी बदल काय झाला ते पाहू. आमच्या वऱ्हाडात १९२३ पर्यंत कॉलेजच नव्हते. नागपुरास हिस्लॉप आणि मॉरिस ही कॉलेजे एकोणिसाव्या शतकापासून होती. पण वऱ्हाडातल्या मुलाला नागपूर तरी गाठावे लागे, नाही तर पुणे. १९२३ साली अमरावतीला किंग एडवर्ड कॉलेज निघाले. त्याच वर्षी नागपूर विद्यापीठ स्थापन झाले. इंग्रज बादशहाचे नाव स्वातंत्र्यानंतर गळून पडले आणि त्या कॉलेजचे विदर्भ महाविद्यालय झाले. आज ती शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था आहे. पाटीवरचा हा बदल सर्वांना दिसतो. आत बसणाऱ्या मुलांतला बदल त्याहून मोठा होता.

युद्धाने वऱ्हाडात गोळे पडले नाहीत. युद्ध आले ते बाजारातून. आमचा आखूड धाग्याचा कापूस, ज्याला जगाच्या बाजारात अमरावतीच्या नावावरून 'उम्रा' म्हणत, त्याचे मोठे गिऱ्हाईक जपान. १९४१ च्या डिसेंबरात जपान युद्धात उतरला आणि ते गिऱ्हाईक एका रात्रीत शत्रू झाले. कपाशीच्या वावरात ज्वारी पेरा असा सरकारी आग्रह सुरू झाला. धान्य महागले, रेशन आले, कापड दुर्मिळ झाले. १९४२ च्या ऑगस्टात चिमूर आणि आष्टी पेटली, आणि कितीतरी मुले वर्गातून उठून चळवळीत गेली. ह्या पाच-सहा वर्षांत कास्तकाराला एक गोष्ट कळून चुकली, की वावराच्या भरवशावर पुढची पिढी निभणार नाही; मुलगा शिकला पाहिजे.

ती भूक ओळखणारा माणूस वऱ्हाडात होता. पापळ गावच्या शेतकऱ्याच्या घरात १८९८ साली जन्मलेले डॉ. पंजाबराव देशमुख विलायतेत वैदिक वाङ्मयातील धर्मविचारावर प्रबंध लिहून परत आले आणि त्यांनी १९३२ साली श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली. अमरावतीचे त्यांचे श्रद्धानंद छात्रालय सर्व जातींच्या मुलांना खुले होते. युद्ध संपल्यानंतरच्या वर्षी, १९४६ साली, संस्थेचे कॉलेज अमरावतीला उभे राहिले. त्याच १९४६ च्या जूनमध्ये तिकडे मुंबईत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने सिद्धार्थ कॉलेज सुरू केले, ते लष्कराने रिकाम्या केलेल्या बराकींत. दिवसा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून तेथे सकाळचे वर्ग भरत. कालपर्यंत जिथे शिपाई झोपत होते, तिथे आता पहिल्या पिढीचा विद्यार्थी वही उघडून बसला.

ही गोष्ट जगात इतरत्रही घडत होती. अमेरिकेने १९४४ साली कायदा करून युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च उचलला आणि सुमारे बावीस लाख माजी सैनिक कॉलेजांत व विद्यापीठांत शिरले. १९४७ साली तिथला जवळजवळ निम्मा विद्यार्थिवर्ग हाच होता. त्यांच्यासाठी कॉलेजांच्या हिरवळीवर पत्र्याच्या लष्करी झोपड्या उभ्या राहिल्या. तिकडे शिपाई कॉलेजात आला. आमच्याकडे आला तो शिपायाच्या लिलावातली पाटलोण घातलेला कास्तकाराचा आणि मजुराचा मुलगा.

आता आमच्या वाङ्मयाकडे वळू.

युद्धापूर्वीच्या मराठी कादंबरीतले कॉलेज म्हणताच पहिले नाव फडके ह्यांचे येते. १९२६ पासून सुमारे दोन तपे ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात तर्कशास्त्र-मानसशास्त्राचे प्राध्यापक होते. कॉलेज त्यांनी बाहेरून पाहिलेले नव्हते. तरीही त्यांच्या कादंबऱ्यांतले तरुण-तरुणी आठवून पाहावेत. स्वच्छ इस्त्रीचे कपडे, चतुर संभाषण, टेनिस, सहली, स्नेहसंमेलने. खाणावळीचे बिल थकलेला नायक मला त्यांच्याकडे भेटल्याचे आठवत नाही. फडके ह्यांना हे दिसत नव्हते असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांना कादंबरीतून रंजन करावयाचे होते, ते त्यांनी 'प्रतिभासाधना'त उघड सांगितले आणि आपला शब्द पाळला. त्या रंजनाने निदान एक मोठे काम केले. तरुण मुलगा आणि तरुण मुलगी एकमेकांशी बरोबरीने बोलू शकतात, हे चित्र त्यांनी घरोघरी नेऊन पोचवले.

हे चित्र सर्वस्वी खोटे होते असेही नाही, आणि त्याचा दाखला आमच्याच वऱ्हाडातला आहे. कवी अनिल, म्हणजे आत्माराम रावजी देशपांडे, १९०१ साली आमच्या मूर्तिजापूरला जन्मले. कुसुमावती जयवंत १९०४ साली अमरावतीला. दोघांची भेट झाली ती मात्र पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात. लग्नापूर्वी त्यांनी एकमेकांना लिहिलेली पत्रे पुढे, कुसुमावतीबाई गेल्यानंतर, १९७२ साली 'कुसुमानिल' ह्या नावाने प्रसिद्ध झाली. ज्यांनी ती वाचली नसतील त्यांनी ह्या सुट्टीत अवश्य वाचावीत. दोन तरुण माणसे पुस्तकांविषयी, निसर्गाविषयी, एकमेकांविषयी किती गंभीरपणे आणि किती निर्मळपणे लिहू शकतात हे पाहून आजही मन भरून येते. फडके ह्यांच्या बागेत जी फुले कागदाची वाटतात, ती इथे खरी आहेत. पण ही बागच होती, आणि तिच्या भिंती उंच होत्या. मूर्तिजापूर-अमरावतीचे हे दोघे तिच्यात पोचले, कारण त्यांच्या घरांना पुण्याचा रस्ता ठाऊक होता.

बाबांनी रात्री वसतिगृहात रॉकेलच्या उजेडात फडके वाचले. आवडीने वाचले, हे ते स्वतःच सांगत. "वाचता वाचता वाटे, खरं कॉलेज पुन्याले हाय, आपन ज्याच्यात बसलो थे नक्कल हाय." हे ते हसून सांगत, पण मला ते कधी हसण्यासारखे वाटले नाही. तीन पिढ्यांनंतर ज्या घरातला मुलगा शिकतो, त्याला पुस्तकाने असे सांगावे, की तुझे कॉलेज खरे नव्हे! कादंबरीकाराने तसे मुद्दाम सांगितले नव्हते. सांगणारे दुसरे कोणी नव्हते, एवढेच.

मग वऱ्हाडच्या लेखकांना युद्ध दिसलेच नाही काय? दिसले, आणि फार लवकर दिसले. विश्राम बेडेकर मूळचे अमरावतीचे; त्यांचा जन्म तिथे १९०६ साली झाला. त्यांची 'रणांगण' १९३९ ची. युरोपातून हिंदुस्थानाकडे निघालेल्या जहाजावर नाझींच्या तडाख्यातून सुटलेले ज्यू निर्वासित आहेत. चक्रधर हा मराठी तरुण आणि हेर्टा ही जर्मन ज्यू तरुणी ह्यांची ती कथा. मराठी कादंबरीला जगाच्या दुःखाचा एवढा थेट स्पर्श त्यापूर्वी झाला नव्हता. चार वर्षांनी, १९४३ साली, कवी अनिलांनी 'निर्वासित चिनी मुलास' हे खंडकाव्य लिहिले. घरदार गमावलेल्या कोण्या चिनी मुलाशी वऱ्हाडातला कवी आपल्या मुलाशी बोलावे तसा बोलतो आहे, ही केवढी मोठी गोष्ट आहे!

दोघांनाही निर्वासित दिसला, हा योगायोग मला विचार करण्याजोगा वाटतो. आमच्या लेखकांची सहानुभूती चीनपर्यंत आणि जर्मनीपर्यंत गेली. पण त्याच युद्धाने अकोट-दर्यापूरकडच्या एखाद्या खेड्यातून उचलून अमरावतीच्या वसतिगृहात आणून टाकलेला मुलगा, जो आपल्या परीने निर्वासितच होता, तो त्यांच्या वाटेवर आला नाही. ह्याचा दोष मी बेडेकरांना किंवा अनिलांना देणार नाही. त्यांनी जे पाहिले ते अस्सल पाहिले. पण वसतिगृहातली ती खोली पाहावयास त्या खोलीत राहिलेलाच कोणी हवा होता, आणि तो त्या वेळी परीक्षेचा अभ्यास करीत होता.

तो लिहू लागेपर्यंत १९६३ साल उजाडले. भालचंद्र नेमाडे ह्यांची 'कोसला' ह्या वर्षी आली, आणि मराठी कादंबरीतल्या कॉलेजचे रूप पार बदलून गेले. खानदेशातल्या सांगवीचा पांडुरंग सांगवीकर पुण्याला शिकावयास येतो. टेनिसचे मैदान मागे पडते. पुढे येते वसतिगृह, तिथली मेस, रात्रीच्या गप्पा, स्नेहसंमेलनाच्या भानगडी, पैशांचा घोळ, न झालेला अभ्यास. त्याची धाकटी बहीण मनी देवी येऊन मरते, आणि त्या मरणापुढे पुण्यातले सारे शहाणपण त्याला पोकळ वाटू लागते. शेवटी पदवीवाचून तो गावी परत जातो. 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' ह्या दोन शब्दांना ह्या कादंबरीने जी धार आणली, ती पुढे कितीतरी जणांनी उसनी घेतली. पण उसन्या धारेने कापता येत नाही हेही दिसून आले.

मी 'कोसला' विद्यार्थिदशेत वाचली आणि झपाटून गेलो. पुढे मास्तर झाल्यावर तीवर एक लांबलचक निबंध लिहिला. युद्धोत्तर काळातल्या ग्रामीण विद्यार्थ्याचा आवाज प्रथम इथे ऐकू येतो, तो आपल्या सर्वांचा आवाज आहे, असे मी त्यात मोठ्या आवेशाने मांडले होते. निबंध छापावयास धाडण्यापूर्वी पुस्तक बाबांना दिले. खेड्यातून कॉलेजात गेलेला, वसतिगृहात राहिलेला माणूस; त्यांना ते आपलेच वाटणार अशी माझी खात्री होती. त्यांनी चार दिवस घेऊन, चष्मा लावून, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पुस्तक वाचले. पाचव्या दिवशी मला बोलावले.

"पुस्तक चांगलं हाय रे बाबू. पोरगा खरा हाय. पन मले एक सांग. थो नापास झाला आन् घरी गेला. त्याच्या बापाजवळ वावर होतं, वाडा होता. मी नापास झालो असतो तं कुठी गेलो असतो? तुह्या आजानं माह्या फीपायी वावर गहान टाकलं होतं."

मी निबंध धाडला नाही. तो त्या ट्रंकेत ठेवला असता तरी चालले असते.

ह्या वाक्यावर मी पुढे अनेक वर्षे विचार केला. आज मला दोन्ही बाजू दिसतात. बाबांचे म्हणणे 'कोसला'ला उत्तर नव्हे. सांगवीकराच्या मनाला बापाच्या पैशाची टोचणी सतत आहे. आपण कोणाच्या जिवावर उधळतो आहोत हे त्याला पक्के ठाऊक आहे, आणि त्याच्या साऱ्या उपहासाच्या तळाशी ती लाज आहे. कादंबरीकाराने एका मुलाची गोष्ट सांगितली आणि ती प्रामाणिकपणे सांगितली. चूक झाली ती माझ्यासारख्या समीक्षकांची. आम्ही त्या एका मुलाला सगळ्यांचा मुखत्यार करून टाकले. हरण्याची ज्याला मुभा आहे आणि हरण्याची ज्याला मुभाच नाही, अशी दोन तऱ्हेची मुले त्या वसतिगृहात शेजारी शेजारी झोपत होती. पहिल्याला आयुष्य निरर्थक वाटले तर तो ते मोठ्याने म्हणू शकत होता. दुसऱ्यालाही कधी वाटले असेल. पण पहाटे उठून त्याला पाठांतर करावयाचे होते. निरर्थकतेच्या तत्त्वज्ञानावर आम्ही ग्रंथ लिहिले. त्या दुसऱ्या मुलाच्या पाठांतरात काय होते, भीती होती की ईर्षा, की नुसती कर्जाची आठवण, हे आम्ही कोणाला विचारले नाही.

इंग्रजी वाङ्मयाशी तुलना करण्याची आम्हा मास्तरांना खोड असते. ती एकदा पुरवून घेतो. ऑक्सफर्डच्या सेंट जॉन्स कॉलेजात युद्धकाळात दोन मित्र शिकत होते, फिलिप लार्किन आणि किंग्जली एमिस. लार्किनची 'जिल' ही कादंबरी १९४६ ची. लँकाशायरमधल्या साध्या घरातला जॉन केम्प शिष्यवृत्ती मिळवून १९४० साली ऑक्सफर्डला येतो, आणि श्रीमंत सोबत्याच्या खोलीत त्याची जी घुसमट होते ती तीत आहे. एमिसची 'लकी जिम' १९५४ ची. तीत प्रांतातल्या एका दुय्यम विद्यापीठातला कच्चा अधिव्याख्याता नोकरी टिकावी म्हणून आपल्या प्राध्यापकाची मर्जी सांभाळतो, आणि वाचक हसून हसून बेजार होतो. म्हणजे इंग्लंडात बदललेल्या कॉलेजचे चित्र युद्ध संपल्यापासून नऊ वर्षांत दोन्ही अंगांनी तयार होते, विद्यार्थ्याच्या आणि मास्तराच्या. आमच्याकडे विद्यार्थ्याला अठरा वर्षे लागली. मास्तराला तीस लागली.

मास्तराचे चित्रही नेमाडे ह्यांनीच काढले. 'बिढार' १९७५ साली, 'जरीला' १९७७ साली, 'झूल' १९७९ साली. चांगदेव पाटील हा इंग्रजीचा प्राध्यापक गावोगावच्या कॉलेजांत नोकरी करीत हिंडतो. संस्थाचालक, जातींचे गट, वर्गातली गर्दी, भाड्याच्या खोल्या, सहकाऱ्यांची क्षुद्रता आणि अधूनमधून भेटणारा एखादा भला माणूस. स्वातंत्र्याच्या वेळी देशात सुमारे पाचशे कॉलेजे होती. पुढच्या दोन-तीन दशकांत ती तालुक्या-तालुक्याला निघाली. त्यांतली नेमकी हीच हवा ह्या पुस्तकांत आहे. आणि वऱ्हाडी वाचकाला एक मौज अधिक मिळते. 'जरीला' हे कपाशीच्या एका वाणाचे नाव. खानदेशात निघालेला हा वाण आमच्याही वावरात पेरला जात होता. कॉलेजच्या कादंबरीवर कपाशीचे नाव! फडके ह्यांच्या वाचकाला हे नाव पाहून काय वाटले असते कोण जाणे. बाबांनी मुखपृष्ठ पाहिले आणि लगेच पुस्तक हातात घेतले.

तरीही तो दुसरा मुलगा, ज्याला हरण्याची मुभा नव्हती, तो कादंबरीत सापडत नाही. मला तो सापडला वेगळ्याच कपाटात, आत्मकथनांच्या. प्र. ई. सोनकांबळे ह्यांचे 'आठवणींचे पक्षी' १९७९ साली आले. आईबापांवाचून, बहिणीच्या आधाराने वाढलेला मराठवाड्यातला दलित मुलगा पडेल ते काम करीत, उपाशी राहत, पण शाळा न सोडता पुढे सरकत राहतो. त्याच्यासारख्या मुलांसाठीच बाबासाहेबांनी १९५० साली तेव्हाच्या औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, कॉलेज काढले होते. ते पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावाजले. वसंत मून ह्यांची 'वस्ती' १९९५ ची. तीत आमच्या विदर्भातलेच नागपूर आहे. चाळीस-पन्नासच्या दशकांतली तिथली महार वस्ती, समता सैनिक दल, आणि त्या वस्तीतून शाळा-कॉलेजाकडे निघालेली मुले. मून पुढे मोठे अधिकारी झाले आणि बाबासाहेबांच्या समग्र वाङ्मयाचे संपादक झाले; पण 'वस्ती'त ते गल्लीतल्या एखाद्या मुलासारखे बोलतात, स्वतःला कुठेही पुढे करीत नाहीत.

ह्या पुस्तकांत कॉलेजला बागेचे रूप नाही आणि तुरुंगाचेही नाही. कॉलेज तिथे एक दार आहे. त्यातून आत शिरता येईल की नाही, आणि शिरल्यावर बाहेर काढतील काय, ह्याची धाकधूक पानोपानी आहे. सांगवीकराच्या उपहासाला इथे जागा नाही, कारण जे अजून हाती आलेलेच नाही त्याची थट्टा कशी करणार? मला वाटते, युद्धानंतरच्या आमच्या कॉलेजचे सर्वांत खरे वर्णन करावयाचे तर ह्या धाकधुकीचेच केले पाहिजे. ते कादंबरीकारांनी करावयास हवे होते. केले ते ज्यांच्यावर बेतले त्यांनी, आणि तेही तीस-चाळीस वर्षांनी, जेव्हा आठवणी सोडून दुसरा पुरावा हाती उरला नव्हता. कला म्हणून ह्या पुस्तकांत काही उणे असेल. रचना सैल आहे, प्रसंगांची पुनरुक्ती आहे. समीक्षकाने ते नोंदवावे. पण तीस वर्षांत आमच्या सुबक कादंबरीला जे दिसले नाही ते ह्यांनी दाखवले, हेही त्याच वहीत नोंदवावे.

आता राहिले आमचे वऱ्हाड. उद्धव शेळके ह्यांनी १९६० साली 'धग' लिहिली आणि वऱ्हाडी बोलीत, कौतिकच्या संसारात, किती मोठी शोककथा मावू शकते हे दाखवून दिले. बोली सिद्ध झाली, माणसे सिद्ध झाली. त्या माणसांची मुले पुढे अमरावती-अकोल्याच्या कॉलेजांत गेली. अमरावतीचेच सुरेश भट बी.ए.ला दोनदा नापास होऊन १९५५ साली पदवीधर झाले आणि सहा वर्षांनी त्यांचा 'रूपगंधा' निघाला. गझलेला मात्र त्या कॉलेजचे वावडेच राहिले. १९६९ साली आमच्या अकोल्यात पंजाबरावांच्या नावाचे कृषि विद्यापीठ झाले. एवढे सगळे घडले. पण लिलावातली पाटलोण घालून पहिल्या बाकावर बसलेल्या त्या वऱ्हाडी मुलाची कादंबरी माझ्या वाचनात आजवर आलेली नाही. त्याच्या शेजारच्या बाकावर, घरच्यांशी भांडून आलेली जी एखादी मुलगी बसत असेल, तिची तर नाहीच नाही.

ती आता कोणी लिहावी? पाहणारे बहुतेक गेले. बाबांना जाऊनही आता बरीच वर्षे झाली. परंतु त्यांची वही आहे, आणि अशा वह्या फक्त आमच्याच माळ्यावर असतील असे मला वाटत नाही. कॉलेजांचे जुने वार्षिकांक आहेत, ज्यांत पुढे वकील-मामलेदार झालेल्यांच्या पहिल्या कविता आहेत. घरी धाडलेली पत्रे आहेत. वाचकहो, दिवाळीची आवरासावर अजून संपली नसेल तर एवढे करा. रद्दीवाल्याला हाक मारण्यापूर्वी त्या कागदांवरून एकदा नजर फिरवा. घरात लिहिणारे कोणी पोर असेल तर ते त्याच्या हाती द्या.

शिडी धरून कंटाळलेल्या माझ्या नातवाने शेवटी विचारले, "आजोबा, ही रेघ कशाची?" तो शिकवणीला जातो, डॉक्टर व्हावयाचे म्हणतो. जठारपेठेतून संध्याकाळी पाठीवर दप्तर घेऊन जी मुले सायकलींवरून जाताना दिसतात त्यांतलाच एक. मी सांगितले, "त्या महिन्यात घरून पैसे आले नव्हते." तो थोडा वेळ वहीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "पण खाली खाणावळीचा खर्च तर लिहिला आहे. मग ते पैसे कुठून आले?"

हे मी बाबांना कधी विचारले नव्हते. आता वही नातवाच्या टेबलावर आहे.